तीस फुटांची सासनकाठी

बारा वर्षांपूर्वी आमच्या माळावर विमानतळ झाला. प्रवाशांसाठी काचेची इमारत आली, हवाई दलासाठी भल्यामोठ्या शेड आल्या. विमान तेवढं आलं नाही. आम्ही धावपट्टीवर मिरच्या वाळवतो.

आणि यंदा ऐन जत्रेच्या तोंडावर विमानतळाचे मोठे साहेब जीपमधून देवळापुढे उतरले. म्हणे, "ही तुमच्या देवाची सासनकाठी तीस फुटांची आहे. विमानाला अडथळा होईल. निम्मी कापून टाका!"

लोकांचं डोकंच फिरलं. आजे-पणजे नाचवत आले ती काठी कापायची, तीही न येणाऱ्या विमानापायी?

काठीचे मानकरी हैबतीआप्पा पुढे झाले.

"साहेब, कापायची कशाला? काठी आमच्या हातातच असते. विमान आलं की आडवी धरू. तुम्ही फक्त विमानाचा दिवस आणि वेळ लिहून द्या."

साहेब उखडले. "तारीख अजून ठरलेली नाही! उद्घाटन पुढे ढकललंय!"

"मग ठरली की कळवा," आप्पा म्हणाले. "आमच्या देवाची तारीख चैत्र पौर्णिमा. ती आजवर एकदाही पुढे ढकललेली नाही."