हाककड्यावर नाव घेऊ नये

सालदूर बघायला येणारी मंडळी आधी किल्ला बघतात, दीपगृहावर चढतात, पुळणीवर तासभर पाण्यात पाय बुडवून बसतात आणि ऊन उतरायला लागलं की शेवटी या कड्यावर येतात. तुम्हीही तसेच आलात. जागा बघण्यासारखी आहे, यात वाद नाही. उजव्या हाताला खाडीचं तोंड, समोर उघडा दर्या, आणि डाव्या हाताला खाली पाण्यात जे काळे सुळके दिसतात, ती दातेरी. भरतीला ती पूर्ण बुडते, पाण्यावर नुसता फेस दिसतो. नगरपालिकेने कठडा बांधलाय, बाकडी टाकलीत, कठड्यापलीकडे जाऊ नये अशी पाटी लावलीय. पण पाटीवर नसलेली एक गोष्ट इथला प्रत्येक वाटाड्या पाहुण्यांना आधी सांगतो. या कड्यावर कुणालाही नावाने हाक मारायची नाही.

मघाशी ताई, तुम्ही लेकीला बोलवायला तोंड उघडलंत आणि मी मध्येच टाळी वाजवली, ती त्यासाठी. राग मानू नका. इथे आम्ही टाळी वाजवतो, नाहीतर नुसतं ‘अगो’, ‘अरे’ म्हणतो. लग्नाचे फोटो काढायला जोडपी येतात, तीसुद्धा इथे एकमेकांचं नाव घेत नाहीत.

बसा त्या बाकड्यावर. सांगतो.

माझी आई गावकरांच्या वेलावरची. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं, त्या रवळोजी गावकराच्या वंशातली. तेव्हा आमच्या घराची बाजू मी सावरून घेईन असं समजू नका. आईने मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

तेव्हा हे शहर नव्हतं. कोळ्या-गाबितांची चाळीसेक घरं, वर कडजाईचं देऊळ आणि खाली बंदर, एवढंच सालदूर. दीपगृह तर फार पुढचं. पौष-माघात खाडीवरून असं धुकं उठायचं की नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभ्या माणसाला आपल्याच होडीचं सुकाणू दिसत नसे, आणि ते दुपार चढली तरी हलत नसे. अशा धुक्यात होड्या आत यायच्या त्या आवाजावर. कड्याच्या त्या उत्तरेच्या टोकावर कुणीतरी उभं राहून हाक मारायची आणि तांडेलाने हाकेच्या रोखाने होडी घालायची. आवाज समोर राहिला की वाट बरोबर.

हे काम एका बाईकडे होतं. चांगुणा तिचं नाव. लहान वयात नवरा गेला, तेव्हापासून ती आई आणि भाऊ लखमा यांच्याजवळ राहायची. तिचा आवाज असा होता की, म्हणे, वारा समोरून असला तरी तो पार मैलावर पोचायचा. ती प्रत्येक तांडेलाला त्याच्या नावाने हाक मारी. नुसती ‘हो’ म्हणून हाक मारली तर माणूस गोंधळतो, नाव घेतलं की सरळ येतो, असं ती म्हणायची. तिला मात्र नावाने कुणीच बोलवत नसे. सगळ्या गावाची ती ‘हाकवाली’ होती. आईसुद्धा ‘बाय’ म्हणायची. पंधरा वर्षांत तिच्या हाकेवर आलेली एक होडी फुटली नव्हती.

परमुलखातली गलबतंही तिच्या भरवशावर इथे थांबत. त्यांत कारवारकडचा एक खारवी होता, सुबराय तांडेल. एकदा वादळात त्याचं गलबत तिच्या हाकेने आत आलं. तेव्हापासून तो दरवर्षी जाता-येता पाण्याला थांबे, कड्यावर चढून येई, तिच्या आईच्या पाया पडे आणि म्हणे, “मावशी, तुझ्या लेकीचा आवाज मी झोपेतही ओळखीन.”

मग सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही. शेतं करपली, ते एक वेळ चाललं असतं, पण खाडीही आटली आणि मासळीने किनारा सोडला, असं सांगतात. लोकांनी आधी बियाणं खाल्लं, मग कणगीच्या तळाची झाडलोट, मग रानातले कंद. वाडीतली म्हातारी माणसं एकेक करून गेली. दिवाळीत सुबराय पाण्याला थांबला तेव्हा त्याने हे सगळं पाहिलं. त्याच्या गलबतात तेव्हा मीठ होतं. तो चांगुणाच्या आईपुढे स्वतःच्या शिध्यातला तांदूळ ठेवून निघून गेला.

पौषात एके सकाळी मासळी शोधायला गेलेल्या होडीने बातमी आणली. दक्षिणेकडून सुबरायचं गलबत येतंय, पाण्यात खोल बसलंय, आणि वाऱ्यावर तांदळाचा वास येतोय. उत्तरेच्या कुठल्यातरी मोठ्या बंदराला माल चालला असणार, असं सगळ्यांनी धरलं. विचारायला कुणी गेलं नाही. आई म्हणायची, आमच्या कुळाचं पाप तिथेच सुरू झालं. विचारायला कुणी गेलं नाही.

रवळोजी गावकराने देवळासमोर गाव जमवलं. त्याची स्वतःची सून बाळंत होऊन पडली होती आणि तिला दूध नव्हतं, हेही खरं. धुकं उतरायला लागलं होतं. तो म्हणाला, की हाकवालीने उद्या उत्तरेच्या टोकावर न उभं राहता दक्षिणेच्या टोकावर, दातेरीच्या डोक्यावर उभं राहावं. गलबत सुळक्यांवर चढेल. माणसं पोहणारी आहेत, त्यांना आपण काढू. तांदूळ पुळणीवर येईल.

चांगुणा नाही म्हणाली. मग देवीला कौल लावायचं ठरलं. मूर्तीवर पाकळ्या लावतात, उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पहिल्यांदा डावी पडली. रवळोजीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा डावी पडली. देवीला दोनदाच विचारायचं असतं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. उजवी पडली.

तेव्हा रवळोजीची सून तान्ह्या पोरीला घेऊन आली आणि पोर तिने चांगुणाच्या पायावर ठेवली. पोर रडत नव्हती. रडायचं बळ तिच्यात नव्हतं. चांगुणाने पोर उचलून आईकडे दिली आणि हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इथे, आपण बसलोय याच टोकावर, उभी राहिली. खाली दोर आणि होड्या घेऊन माणसं तयार होती. समोर काहीच दिसत नव्हतं. धुक्यातून डोलकाठी कुरकुरल्याचा आवाज आला आणि तिने हाक दिली, सुबराय, सुबराय. पलीकडून त्याची ‘ओ’ आली. म्हणे, त्या ‘ओ’मध्ये हसू होतं. पाठोपाठ गलबताने तोंड फिरवलं आणि ते सरळ दातेरीवर आलं.

माणसांना काढू म्हणाले होते, ते झालं नाही. भरती चढत होती. गलबताने कूस बदलली आणि ते सुळक्यांच्या आतल्या बाजूला गेलं, तिथे होडी जातच नाही. सतरा माणसं होती. एक जिवंत हाती लागला, तोही छाती फुटलेला. त्याला पुळणीवर आणून ठेवलं. चांगुणा ओरडत कड्यावरून धावत खाली आली होती. त्याने तिला आवाजावरून ओळखलं आणि विचारलं,

“तुमच्याकडेच येत होतो. सुळक्यांवर हाक कशाला मारलीत?”

सुबरायने दिवाळीनंतर आपल्या शेठच्या दारात तीन दिवस धरणं धरलं होतं आणि सालदूरसाठी तांदूळ मागून आणला होता. खलाशाने एवढं सांगितलं आणि तो गेला.

तांदूळ पुळणीवर आला. भिजलेला, वाळू मिसळलेला. गावाने तो उन्हात वाळवला आणि खाल्ला. दुसरं काय करणार? रवळोजीची नात जगली. तिच्याच वेलावरचे आम्ही.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी पुन्हा धुकं पडलं. लखमा दोन होड्या घेऊन बाहेर होता. चांगुणा उत्तरेच्या टोकावर, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिने भावाला हाक दिली. सगळ्या वाडीने ती ऐकली. आणि तिची हाक पुरी व्हायच्या आत दक्षिणेकडून, दातेरीतून, दुसरी हाक आली. तोच आवाज. तेच नाव. तीच लय.

लखमाची होडी सुळक्यांवर फुटली. मागच्या होडीतली माणसं परतली. ती चांगुणाला सांगू लागली की तुझा आवाज दातेरीच्या बाजूने येत होता, आम्ही नको म्हटलं, पण लखमा म्हणाला, बहिणीची हाक मला कळत नाही का?

त्यानंतर धुक्याचीही गरज उरली नाही. कड्यावर कुणी कुणाला हाक मारली, की सांजेला भरती चढताना तेच नाव खालून यायचं. आणि ज्याचं नाव यायचं तो हातातलं काम टाकून उठायचा आणि पाण्याकडे निघायचा. एक बाई चुलीवरचं भांडं उतरवून निघाली. शेजारणींनी पदर धरला तेव्हा ती नवल वाटल्यासारखी म्हणाली, की अगो, मला बोलावतायत ना. पदर त्यांच्या हातात राहिला. असे एका महिन्यात पाच जण गेले. लोकांनी कड्यावर जायचं सोडलं, घरातही हळू बोलू लागले. पण पंधरा वर्षं चांगुणाने ज्यांची ज्यांची नावं घेतली होती ती त्या पाण्याला आधीच माहीत झाली होती, म्हणून तर मीही ती इथे घेतोय. एका सांजेला त्याने रवळोजीचं नाव घेतलं. त्याला घरच्यांनी खांबाला बांधून ठेवलं. रात्रभर तो ‘ओ, आलो’ एवढंच म्हणत राहिला.

सकाळी चांगुणा त्याच्या दारात गेली. दोर अजून सोडला नव्हता. लखमा गेल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली.

“आवाज माझा आहे,” ती म्हणाली. “मी दिला म्हणून त्याला मिळाला. मी तो आणायला जाते. पण तो परत आणून ठेवायला आता या गळ्यात जागा नाही, तेव्हा मी तिथेच त्याच्याजवळ राहीन.”

रवळोजी रडायला लागला. जायचंच तर मी जातो, असं म्हणाला. ती म्हणाली की तुमच्या जाण्याने त्याचं पोट भरणार नाही, त्याला सगळ्यांची नावं येतात. एकच नाव येत नाही. माझं. ते कुणी कधी घेतलंच नाही.

मग तिने गावाकडून दोन वचनं घेतली. या कड्यावर पुन्हा कुणाचं नाव घेऊ नये, म्हणजे त्याला नवीन नाव मिळणार नाही. आणि पौषात गलबत फुटलं त्या दिवशी दरवर्षी सालदूरमध्ये कुणी तांदूळ शिजवू नये. आईची काळजी तुम्ही घ्याल, ते सांगायला नको, असंही ती म्हणाली. आईला भेटायला ती गेली की नाही, याबद्दल कुणी काही सांगत नाही.

भरती चढायच्या वेळेला ती इथे येऊन उभी राहिली. सगळं गाव तिकडे देवळापाशी उभं होतं, पुढे यायची छाती कुणाला झाली नाही. तिने पाण्याकडे तोंड करून स्वतःचं नाव घेतलं. चांगुणा, असं तीनदा. नावेवरच्या माणसाला बोलवावं तसं, स्पष्ट आणि लांब. थोडा वेळ खाली नुसतं पाणी आपटत राहिलं. मग दातेरीतून तिचं नाव आलं. तिने ‘ओ’ दिली, पदर खोचला आणि जिन्याने उतरावं तशी पायाखाली बघत पुढे गेली.

त्या सांजेला दुसरं कुठलं नाव आलं नाही. रवळोजीचा दोर सोडला. तो पुढे बरीच वर्षं जगला, पण त्याच्या घरातल्यांनाही त्याला हाक मारायची चोरी होती. नाव ऐकलं की तो उभा राहायचा.

ही अशी गोष्ट आहे. आता शहर वाढलं, हॉटेलं आली, तुमच्यासारखे पाहुणे येतात आणि आम्ही पोटासाठी त्यांना कडा दाखवतो. आजही पौषातल्या त्या दिवशी इथल्या कुठल्याही खाणावळीत भात मागितलात तर मिळणार नाही, भाकरी मिळेल. काही लोक हसतात. हसू देत.

आणि आजही धुकं पडलं की खालून हाक येते. मी स्वतः दोनदा ऐकली आहे. बाईचा आवाज आहे, लांबवर जाणारा, आणि तो एकच नाव घेतो, चांगुणा. ऐकणारा जिथे असेल तिथे थांबतो आणि पुढची हाक येईपर्यंत श्वास धरून उभा राहतो. पुन्हा तेच नाव आलं, की आम्ही कामाला लागतो.