टणकूची टिकली कोण गुंडाळणार?

एक होता नाकतोडा. हिरवा हिरवा, एवढा-एवढा. नाव त्याचं टणकू. चालणं त्याला माहीतच नाही. नुसत्या उड्या. टण टण टणाटण!

त्या दिवशी होती भाऊबीज. पेरूच्या झाडाखाली त्याची सोनकीताई वाट बघत बसली होती. पाट मांडला होता, निरांजन लावलं होतं, ताटात करंज्या होत्या. पण भावाला ओवाळल्याशिवाय ताई एक घास खाणार नव्हती. पोटात कावळे ओरडत होते. काव काव काव!

टणकूने ताईसाठी आणली होती टिकली. लाल चुटूक. चमचम चमचम.

मागच्या वर्षी काय झालं माहीत आहे? टणकूने भेट उघडीच नेली. ताईने लांबूनच बघितली. "अय्या, टिकली!" झालं! गंमत फुस्स. टणकूला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की करंजीसुद्धा गोड लागेना.

म्हणून यंदा टिकली गुंडाळून न्यायची! टणकूने चॉकलेटचा सोनेरी कागद घेतला. इकडून दुमडला. तिकडून दुमडला. आणि पाय उडाले! टणाटण! कागद टर्रर्र! एवढा एकच कागद, आणि त्याचे झाले तुकडे. टणकू लागला रडायला.

मुंगीआजी चालली होती तिकडून. ती म्हणाली, "अरे, रडतोस काय? वाण्याकडे जा. वाणी किती छान पुडी बांधतो!"

आजी म्हणत होती दुकानातला वाणी. साखर-गूळ विकतो ना, तो. पण टणकू कुठला जातो दुकानात? त्याला एकच वाणी ठाऊक. कुंडीखालचा! तांबडा, लांबोडका, शंभर पायांचा किडा. हात लावला की गर्रकन गोल होतो. त्यालाही वाणीच म्हणतात.

टणकूने टिकली पाठीला चिकटवली आणि निघाला. टण टण टणाटण!

"वाणीकाका, वाणीकाका, टिकली गुंडाळा.
टिकली गुंडाळली, की ताई ओवाळेल.
ताईने ओवाळलं, की ताई जेवेल!"

वाणीकाका म्हणाले, "हो हो. पण आत्ता नाही! मला गुंडाळता येतं फक्त स्वतःला. बसवीन टिकली पोटात. पण माती बघ, कोरडी ठणठणीत! अंग आखडलंय. वळतच नाही. झारीला सांग पाणी घालायला."

टण टण टणाटण!

"झारीबाई, झारीबाई, पाणी घाला.
पाणी पडलं, की काका टिकली गुंडाळतील.
टिकली गुंडाळली, की ताई ओवाळेल.
ताईने ओवाळलं, की ताई जेवेल!"

झारीबाई म्हणाल्या, "हो हो. पण आत्ता नाही! माझ्या नळीत कोळ्याने जाळं केलंय. नाक चोंदलंय माझं. कोळ्याला सांग जाळं काढायला."

टण टण टणाटण!

"कोळीदादा, कोळीदादा, जाळं काढा.
जाळं निघालं, की झारी पाणी घालेल.
पाणी पडलं, की काका टिकली गुंडाळतील.
टिकली गुंडाळली, की ताई ओवाळेल.
ताईने ओवाळलं, की ताई जेवेल!"

कोळीदादा म्हणाला, "हो हो. पण आत्ता नाही! माझे पाय आठ. मोजे सातच. एक पाय गारठलाय. आठव्या मोज्यावर मनी मांजर झोपलीय. तिला सांग मोजा द्यायला."

टण टण टणाटण!

"मनीमावशी, मनीमावशी, मोजा दे.
मोजा मिळाला, की कोळी जाळं काढेल.
जाळं निघालं, की झारी पाणी घालेल.
पाणी पडलं, की काका टिकली गुंडाळतील.
टिकली गुंडाळली, की ताई ओवाळेल.
ताईने ओवाळलं, की ताई जेवेल!"

मनीमावशी झोपेतच म्हणाली, "हो हो. पण आत्ता नाही! चकली कुडुम वाजली, तरच मला जाग येते. घरातल्या आजोबांना सांग चकली खायला." आणि लागली घोरायला. घुर्रर्र!

टण टण टणाटण!

"आजोबा, आजोबा, चकली खा.
चकली वाजली, की मनी मोजा देईल.
मोजा मिळाला, की कोळी जाळं काढेल.
जाळं निघालं, की झारी पाणी घालेल.
पाणी पडलं, की काका टिकली गुंडाळतील.
टिकली गुंडाळली, की ताई ओवाळेल.
ताईने ओवाळलं, की ताई जेवेल!"

आजोबा म्हणाले, "हो हो. फण आत्ता नाही! फकली कफी खाऊ, बाफा? दात फेल्यात आहेत!"

म्हणजे काय? म्हणजे, चकली कशी खाऊ, बाबा? दात पेल्यात आहेत! आजोबांची कवळी पाण्याच्या पेल्यात बसली होती. मजेत. बुडुक बुडुक.

टणकू पेल्याच्या काठावर चढला. तिकडे ताई उपाशी! नाक ओढत ओढत त्याने सांगितलं,

"कवळीबाई, कवळीबाई, तोंडात जा.
दात आले, की आजोबा चकली खातील.
चकली वाजली, की मनी मोजा देईल.
मोजा मिळाला, की कोळी जाळं काढेल.
जाळं निघालं, की झारी पाणी घालेल.
पाणी पडलं, की काका टिकली गुंडाळतील.
टिकली गुंडाळली, की ताई ओवाळेल.
ताईने ओवाळलं, की ताई जेवेल!"

कवळीबाई म्हणाल्या, "हो हो. पण आत्ता ना... खुदक्! आज मला सुट्टी आहे, मी येणार ना... खुदक्! कोळ्याला मोजे? झारीचं नाक चोंदलं? अगं बाई, माझ्या हिरड्या!" आणि कवळीबाई हसत सुटल्या. खडखड खडखड! हसता हसता उडाल्या पेल्याबाहेर. टुणकन!

थेट आजोबांच्या तोंडात. खट्!
आजोबांनी चकली खाल्ली. कुडुम!
मनी उठली. म्यांव!
कोळ्याने मोजा घातला. सर्रकन!
जाळं काढलं. फट्!
झारीने पाणी घातलं. झुळझुळ झुळझुळ!

माती झाली ओली गार. वाणीकाकांनी अंग ताणलं. टणकूने त्यांच्या पोटावर टिकली ठेवली आणि मिशीने हळूच टोचलं. गर्रर्रकन! काका झाले गोल. टिकली आत, काका बाहेर!

टणकू म्हणाला, "काका, आता सुटा ना. मला टिकली न्यायचीय."

आतून आवाज आला, "वेडा रे वेडा! मी सुटलो, की टिकली उघडी! मलाच ने."

टणकूने काकांनाच ढकललं. गडगड गडगड गडगड! पेरूच्या झाडापर्यंत.

"अय्या! काय रे हे? आत काय आहे?" ताईने विचारलं.

"ओळख!"

"खडीसाखर?"

"नाही!"

"मणी?"

"नाही!"

"मग काय? सांग ना रे!"

टणकूला इतका आनंद झाला, की त्याने जागच्या जागी दहा उड्या मारल्या. ताईने त्याला पाटावर बसवलं. निरांजन फिरवलं. गोल गोल गोल. मग तिने पुडीला हात लावला. पुडी हसली! ख्या ख्या ख्या! पुडीला पाय फुटले! एक नाही, दोन नाही, शंभर! आणि मधोमध टिकली. चमचम चमचम!

"माझ्यासाठी?" ताईने टिकली कपाळाला लावली. मग करंजी उचलली. कुर्रुम! आणखी एक. कुर्रुम! टणकू बघतच राहिला. ताई जेवली!

तेवढ्यात ताईला काकांची आठवण झाली. तिने आणखी एक पान वाढलं. म्हणाली, "बसा काका, लाजू नका."

काका बसले. आणि भेटीच्या वेष्टणाने चार करंज्या खाल्ल्या!

पुडी सुटली, गोष्ट मिटली.