आईच्या उशाशी घंटा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरुजींकडे तक्रार घेऊन आली. गुरुजी म्हणजे सबनीस सर. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर ते हौशी मंडळींना घरच्या ओसरीवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. शिष्या हेमांगी. तिच्या आईला अर्धांगवायू झाला होता आणि वाचाही गेली होती. डाव्या हाताची बोटं तेवढी सरकत, पण बटण दाबण्याइतकं बळ त्यांत नव्हतं. म्हणून हेमांगीने नुसत्या स्पर्शाने वाजणारी घंटा बनवली होती. तांब्याची एक पट्टी, तिला जोडलेला स्पर्श ओळखणारा सेन्सर, आणि त्याचा इशारा मिळताच घंटा वाजवणारा मायक्रोकंट्रोलर.

"सर, तुमच्या टेबलावर ती छान वाजते आणि घरी मुकी होते," ती म्हणाली. "सोमवारी माझी रजा संपतेय. शेजारच्या काकू घंटेकडे कान ठेवणार आहेत, पण ती वाजलीच नाही तर आईने हाक कशी मारायची?"

तिने तारा तपासल्या होत्या, सेन्सर बदलला होता, दुकानदाराचा यथास्थित उद्धारही करून झाला होता. गुरुजींनी चपला घातल्या आणि तिच्यासोबत निघाले.

"नेहमी करतेस तसं कर," घरी पोहोचल्यावर ते म्हणाले. हेमांगीने आईचा हात मोठ्या मायेने पट्टीवर ठेवला, नीट टेकवला आणि मग यंत्र सुरू केलं. आईची बोटं हलली. घंटा ढिम्म.

गुरुजींनी यंत्र बंद केलं. आईचा हात उचलून पट्टीशेजारी उशीवर ठेवला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. "ताई, काही हवं असेल तर बोटं पट्टीवर सरकवा," ते म्हणाले, आणि हेमांगीला घेऊन चक्क स्वयंपाकघरात जाऊन बसले.

हेमांगीला हे चमत्कारिक वाटलं. "सर, तिला तहान लागली असेल. विचारून येते."

"थांब जरा. हा सेन्सर सुरू होताना पट्टीवर जे असेल त्यालाच रिकामी पट्टी समजतो. माझ्या टेबलावर तू यंत्र सुरू करून मग बोट लावायचीस. इथे हात आधी ठेवतेस, त्यामुळे आईचा हात त्याच्या हिशेबातच येत नाही. आधी मोकळी पट्टी कळावी लागते, मग स्पर्श कळतो. तुझी चूक मायेपोटी झाली, म्हणून तुला दिसेना. आईचं सगळं तू तिने मागण्याआधीच करतेस. पुण्याचंच काम आहे, पोरी. पण तिला मागायला थोडी जागा ठेव."

हेमांगीला ते लागलं. रात्रंदिवस सेवा करणाऱ्याला असं ऐकणं जडच जातं. ती काही बोलणार, एवढ्यात घंटा वाजली.

ती धावली. पाणी? आईने डोळ्यांनीच नाही म्हटलं. औषध? नाही. कूस बदलायची? तेही नाही. आईची नजर खिडकीकडे वळली. गारठा बाधेल म्हणून हेमांगीनेच ती आजारपणापासून घट्ट लावून ठेवली होती.

तिने एक झडप उघडली. बाहेरचा वारा आत आला आणि आईने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. हेमांगीचा हात दुसऱ्या झडपेकडे आपसूक गेला आणि तिथेच थांबला.

"आई, हीसुद्धा उघडू का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.