पूजेत मांडलेलं पुस्तक

“मग तुमची पुस्तकं आहेत तरी कुठे, मास्तर?”

शाल्मलीने हे तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही जिनगर मास्तर झेंडूची माळ ओवत राहिले.

तिने मनाशी काय काय रंगवलं होतं. सागवानी कपाटं असतील, प्रत्येक पुस्तक मलमलीत गुंडाळलेलं असेल. चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने पुस्तकं रंगवणारा, शिवणारा माणूस एकेक पुडकं सोडत बसेल आणि आपण श्वास रोखून पाहत राहू.

वाईला येऊन पाहिलं तर पत्र्याची पडवी. कोपऱ्यात शाळेच्या फाटक्या नकाशापुस्तकांचा ढीग, दोरीवर वाळत टाकलेली फडकी, आणि भिंतीला पाठ टेकून बसलेले सत्तरी ओलांडलेले मास्तर, बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. कपाट एकच. त्यात पापडांचे डबे.

शाल्मली साताऱ्याची. पुस्तकं बांधायची कला शिकायला स्कॉटलंडला गेली, सहा वर्षं राहिली. तिथल्या शाळेच्या ग्रंथालयात, काचेच्या पेटीत, तिला एक लहानसं पुस्तक दिसलं. कृष्णेचे घाट, धुणं आपटणाऱ्या बाया, पाण्यात बसलेल्या म्हशी, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘भा. जिनगर, वाई’. ते तिथवर कसं पोचलं, कुणालाच सांगता येईना.

इतक्या दूर, आपल्याच नदीपुढे उभी राहून ती रडली होती. शिकायचं तर याच माणसाकडे, आणि जगाला दाखवायचं तेही यालाच, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आता कोजागरीला पुण्यात तिचं पहिलं प्रदर्शन होतं. काचेच्या एका पेटीत तिचं पुस्तक, अकरा पेट्यांत मास्तरांची. पेट्या तयार होत्या. पुस्तकांचा पत्ता नव्हता.

मास्तरांनी माळेला गाठ मारली आणि सावकाश सांगायला घेतलं. पुस्तकं दिली. चित्रकलेच्या वर्गातली जी मुलगी सासरी जाईल, तिला एक. भजनी मंडळाला एक. एक सुईणीला, तिने म्हणे त्यात हाताखाली जन्मलेल्या पोरांची नावं लिहिली, पुढे पानं संपली तेव्हा मास्तरांनी आणखी जोडून दिली. निम्मी पानं रंगवायची, निम्मी कोरी सोडायची, असा त्यांचा शिरस्ता.

“यादी केली नाहीत?”

“कशाची?”

“कुणाला कुठलं दिलं त्याची. ती परत मागवता आली असती.”

“दिलेलं परत मागवायचं…” मास्तरांनी हा विचार दोन क्षण करून पाहिला. “नाही जमणार, पोरी.”

आतून कुमुदकाकूंचा आवाज आला. लग्नात सोनंनाणं काही नाही, वहीवरच भागवलं या माणसाने, असं त्या स्वयंपाकघरालाच ऐकवत होत्या. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि शाल्मलीपुढे एक जाडजूड पुस्तक ठेवून गेल्या.

लोणच्यांची वही होती ती. बेचाळीस वर्षांची.

समासात कैऱ्या रंगवलेल्या, कैरीच्या देठाला चिकाचा थेंबसुद्धा. त्या कैऱ्यांवरून, फांद्यांमधून, जागा मिळेल तिथून काकूंचं अक्षर धावलं होतं. पानांवर तेलाचे डाग, हळदीची बोटं, हिंगाचा वास.  तिच्या शाळेत एवढ्याशा डागावर दोन तासांचं व्याख्यान झालं असतं.

तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. मधलं पान उघडून तिने हात काढला आणि वही तशीच उघडी पडून राहिली. बेचाळीस वर्षांत एक टाका ढिला झालेला नव्हता.

मग तिने स्वतःचं पुस्तक आणलेली प्रवासाची पेटी उघडली. तीन वर्षांचं काम. बहात्तर पानं, सगळी कृष्णा. परक्या देशातल्या धुक्यात बसून आठवणीने काढलेली. हे आवडलं तर मास्तर आपल्याला शिष्य करून घेतील, एवढी एकच आशा धरून ती आली होती. तसं तिने आल्याआल्या बोलूनही दाखवलं होतं. त्यावर मास्तरांनी चहा सांगितला होता, उत्तर दिलं नव्हतं.

तिने आधी पांढरे हातमोजे पुढे केले.

मास्तरांनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले, नीट घडी घालून तिला परत दिले.

“थंडीला अजून अवकाश आहे,” म्हणाले.

आणि दोन्ही हात धुऊन, पुसून, पुस्तकाशी बसले. एकेक पान. वीस मिनिटं पडवीत कागदाखेरीज कसलाच आवाज नव्हता. एका पानापाशी ते थांबले. महापूर ओसरल्यावरचा घाट होता, पायऱ्यांवर चिखल, चिखलात एका कुत्र्याची पावलं. मास्तरांचे डोळे ओले झाले. ते त्यांनी लपवले नाहीत.

“हे तुला दिसलं?”

“लहानपणी. आजोबांबरोबर आले होते.”

त्यांनी मान डोलावली. मग ते पान उघडं ठेवून हात बाजूला घेतला.

पान हळूच उठलं आणि पुस्तक आपोआप मिटलं.

“किती वेळा उघडलंस?”

“फोटो काढताना… एकदा.”

नवं पुस्तक थोडं पुढून, थोडं मागून उघडत, पानं दाबत मोकळं करायचं असतं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. शंभर पुस्तकं तिने तशी मोकळी केली होती. याच एकाला तिचा हात धजला नव्हता.

ती बचावाला उतरली. काच नसती तर मास्तरांचं पुस्तक स्कॉटलंडमध्ये टिकलं असतं का? आपल्या नजरेला तरी पडलं असतं का? तिचा आवाज चढला. आपण एका म्हाताऱ्या माणसावर ओरडतोय, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

मास्तरांना राग आला नव्हता. उलट मुद्दा त्यांना पटलेला दिसला.

“ते खरं आहे,” ते म्हणाले. “तू हात लावलास त्याला?”

“हो. हातमोजे घालून.”

“वास कशाचा होता?”

शाल्मलीने हातातल्या हातमोज्यांकडे पाहिलं.

“मी ते एका नर्सबाईला दिलं होतं,” मास्तर म्हणाले. “तिला लवंग चघळायची सवय. म्हणून विचारलं.”

त्या दिवशी खंडेनवमी होती. मास्तर माळ घेऊन उठले. पाटावर त्यांची हत्यारं मांडलेली होती: दाभण, कातर, चामडं कापायची रापी, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, आणि मागे पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा. त्यांनी शिकंज्याला माळ घातली. हळदकुंकू वाहिलं.

मग शाल्मलीचं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि दाभणाशेजारी ठेवलं.

तिला भरून आलं. तीन वर्षांत एवढा मान तिच्या कामाला कुणी दिला नव्हता. मास्तरांनी चिमटीत हळद घेतली तेव्हा तिच्या तोंडून ‘अहो…’ एवढंच बाहेर पडलं. तोवर बोट टेकलं होतं. पांढऱ्या कापडी मुखपृष्ठावर पिवळा ठिपका, त्यावर लाल.

काकू दारात उभ्या होत्या. आता उद्यापर्यंत यातलं काही हलायचं नाही, त्यांनी बजावलं. एकदा यांनी नवमीला कातर उचलली तर आपण दोन दिवस अबोला धरला होता.

शाल्मलीने सांगितलं की उद्या दहाला पुण्याहून गाडी येणार आहे, पुस्तक न्यायला. काचेची पेटी याच मापाची करून घेतली आहे.

“दहापर्यंत उत्तरपूजा होते,” मास्तर म्हणाले. पाटासमोर बसले, नमस्कार केला. डोळे न उघडताच बोलले.

“दाभण उद्या शिवायला लागेल. कातर कापायला लागेल. रापीला चामडं आहे.”

ते थांबले.

“हे उद्या काय करणार?”

 शाल्मली त्यांच्यासारखीच पाटासमोर बसली. काकूंनी दोघांपुढे साखरभात आणून ठेवला आणि खाऊन घ्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाईतल्या मावशीच्या घरून निघाली ती आठालाच पडवीत हजर झाली. मास्तरांची उत्तरपूजा उरकली होती. हत्यारं एकेक करून पाटावरून उठली होती. दाभण तर एका नकाशापुस्तकाच्या पाठीत कामाला लागलं होतं. पाटावर झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि तिचं पुस्तक होतं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा दाभणाकडे.

कुंकवाचा ठिपका तिने सवयीने ओढणीने टिपला. तो पसरला. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा होता, आता नखाएवढा झाला. ती बघत राहिली… आणि तिला हसू आलं.

ती मांडी घालून बसली. पुढून चार पानं उघडली, तळव्याने दाबली. मागून चार. पुढून चार. मागून चार. पुस्तकाची पाठ करकरली की तिचा जीव वरखाली व्हायचा, पण तिने हात थांबवला नाही. मधल्या पानाशी आली तेव्हा तळवे गरम झाले होते. चिखलातल्या पावलांचं पान उघडून तिने हात काढला.

पान पडून राहिलं.

मग तिने पुण्याला फोन लावला. बाराही पेट्या परत पाठवा, म्हणाली. एक बैठं टेबल हवं, एक पाट, हात धुवायला तांब्या आणि एक पंचा. पुस्तक मी स्वतः घेऊन येते, गाडी पाठवू नका. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. प्रदर्शनात एकच पुस्तक, आणि तेही लोक हाताळणार? हो, म्हणाली. एकच. आणि पुढे अठरा पानं कोरी जोडणार आहे. बघायला येईल त्याने आपली नदी त्यात काढावी.

तिने फोन ठेवला. मास्तर दोऱ्याला मेण लावत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नव्हती.

“मास्तर,” तिने विचारलं, “आणि फाटलं तर?”

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. टाका घातला. ओढून पाहिला.

“फाटलं की घेऊन ये,” म्हणाले. “मग शिकवतो.”