नावातलं गाव

टेकवडीच्या संग्रहालयाचे अध्यक्ष अच्युतराव केळशीकर असे वावरत, की गावचा इतिहास जणू त्यांच्याच उपरण्याच्या गाठीला बांधलाय! दगड फोडणाऱ्या नागम्मामावशी वडिलांचा घण घेऊन आल्या, तेव्हा पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "इथं फक्त मूळच्या गावकऱ्यांच्या वस्तू. तुम्ही वडार मंडळी परमुलखातून आलेली."

"साहेब, याच घणानं गावविहिरीचा खडक फोडलाय."

"विहीर गावाची, घण बाहेरचा!"

मावशींनी घण टेबलावर ठेवला. टेबल करकरलं. "बरं साहेब, केळशीत सगळेच केळशीकर असतील, नाही?"

"छे! केळशीत राहून केळशीकर कोण म्हणवून घेईल? गाव सोडलं की मग ते नाव लागतं!" अच्युतराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे बाहेरून आल्याचं तुम्ही तर दारावर पितळी अक्षरांत लावलंय! मी नुसता घण आणलाय."

अच्युतरावांना हसू आवरेना. आज घण पहिल्याच दालनात आहे आणि शेजारी त्यांच्या दारावरची पाटी. मावशी येता-जाता पदरानं ती पाटी पुसतात आणि म्हणतात, "परगावची वस्तू आहे, जपायला हवी!"