शेवटच्या ओळीतलं नाव

“मग तेंच्या चाली कुठं हायत?”

वस्तादांनी असंच विचारलं होतं, की ‘चाली कुठं गेल्या?’ असं, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. माझं वय आता चौऱ्याऐंशी. चष्मा कुठं ठेवला तेही मी विसरतो. पण प्रश्न चालींचा होता, एवढं नक्की. निदान मला तरी तसं वाटतं.

मी त्यांना फ्रान्सच्या दक्षिणेतल्या त्रुबदूर कवींबद्दल सांगत होतो. आठशे वर्षांपूर्वी हे लोक स्वतः पदं रचायचे, स्वतः चाली लावायचे. सवाल-जवाबही करायचे, आपल्या कलगी-तुऱ्यासारखे. युरोपातली प्रेमाची कविता अजून त्यांच्याच वळणानं चालते, असं मी म्हणालो. माझ्या आवाजात तेव्हा बराच रुबाब असायचा.

“चालींचं इच्यारलं मी.”

“फार थोड्या उरल्या, वस्ताद. दहा पदांत एखाद्याची. बाकीच्यांचे नुसते शब्द वह्यांत राहिले.”

“म्हंजी वहीनं हाडं सांभाळली,” ते म्हणाले, आणि पुन्हा कुंकवाच्या पुड्या बांधू लागले.

मैनू आतार त्यांचं नाव. पेठेत कुंकू, बुक्का, अत्तर विकायचे आणि चाळीस वर्षं तुऱ्याच्या फडात डफ वाजवून गात होते. मी एम.ए., कॉलेजात शिकवणारा, शाहिरांवर प्रबंध लिहिणारा. दीड वर्ष दर रविवारी येऊन मी त्यांच्यामागं झील धरत होतो. शाहीर ओळ सोडतो, मागच्यानं ती उचलायची; ती झील. गळा माझा बेताचाच. मला हवं होतं त्यांचं बाड, त्यांच्या हातची पदांची वही. ते म्हणायचे, “देईन की. अजून तू झीलच धरतोयस.”

त्या दिवशी पुड्या अर्ध्या झाल्या असतील, तेवढ्यात आबासाहेबांचे दिवाणजी दुकानाच्या पायरीशी आले. आबासाहेब जत्रा कमिटीचे अध्यक्ष. गावाच्या गायरानाला त्यांनी त्याच साली तारेचं कुंपण घातलं होतं.

“मैनूभाई, उद्या फडात ते कडवं नको.”

“कुठलं वो?”

“वेड पांघरू नका. ढेकराचं.”

कडवं असं होतं:

गायरानाला कुंपण पडले, गाई उपाशी दारी
गावाचे गवत खाऊन ढेकर देई कारभारी

“बरं हाय की. चालीत बसतंय.”

“गायलात तर फिर्याद होईल. बदनामीची. आणि पुरावा मला शोधावा लागणार नाही. शेवटच्या ओळीत तुम्हीच तुमचं नाव देता.”

हे खरं होतं. प्रत्येक पदाच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो. त्याला छाप म्हणतात. छाप नसलेलं पद बेवारस; ते गाणाराही चोर समजला जातो. या पदाची छाप अशी होती: ‘मैनू आतार म्हणे, गड्यांनो, कुंपण नव्हते काल.’

दिवाणजी गेले.

मी म्हणालो, “वस्ताद, एक कडवं गाळा. एका कडव्यानं पद मरत नाही.”

त्यांनी एका पुडीला गाठ मारली.

“तुम्ही आत गेलात तर फड बसेल. चाळीस वर्षांचं सगळं जाईल.”

“एक कायतरी गाळाय लागंल खरं,” ते म्हणाले.

मला बरं वाटलं. माझा सल्ला त्यांनी मानला, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फड भरला. पुढच्या खुर्चीत दिवाणजी, मांडीवर वही, हातात पेन. आमच्यामागं देवळाची भिंत, समोर सगळं गाव.

वस्तादांनी कडवं गाळलं नाही. दोनदा म्हटलं. ‘ढेकर’ शब्दावर डफावर थाप मारली, तशी बायकांत हशा पिकला. दिवाणजी मात्र शांत होते. ते शेवटच्या ओळीची वाट बघत होते.

शेवटची ओळ आली.

वस्ताद थांबले.

त्यांनी डफ छातीवरून काढला, उलटा केला आणि परडी धरावी तसा लोकांपुढं धरला. रिकामा.

...

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पाहिलं ना? छप्पन वर्षं मी हेच स्वतःला विचारतो आहे. तुणतुणं धरणारा माझ्या शेजारीच होता. कदाचित त्याच्याकडं पाहिलं असेल. पण सोडलेली ओळ उचलायचं काम माझं होतं. मला ती पाठ होती. कॉलेजातल्या नोकरीत अजून दोन महिन्यांनी मी कायम होणार होतो, हेही मला पाठ होतं.

माझं तोंड उघडलं नाही.

डफ तसाच पुढं धरलेला.

मग बायकांतून आवाज आला, चिरका, बेसूर: “भागू म्हणे, गड्यांनो, कुंपण नव्हते काल!”

पाटे-वरवंटे विकणारी म्हातारी भागू वडारीण उभी राहिली होती.

“लिव्ह की रं दिवाणजी,” ती म्हणाली, “का आता पेन ऱ्हायलं गाईवानी उपाशी?”

लोक हसले. हसता हसता एक परीट उठला. “शंकर म्हणे, गड्यांनो...” मग एक गुराखी. मग दोन जावा, एकदमच. जो तो आपलं नाव घालून तीच ओळ म्हणत होता, आणि चाल कुणाचीही चुकत नव्हती. दिवाणजी लिहीत होते. घाम पुसत होते आणि लिहीत होते.

वस्तादांनी स्वतःचं नाव घेतलं नाही.

रात्री मी झोपलो नाही. पहाटे दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. दिवाणजी सकाळच्या एस.टी.नं फिर्याद घेऊन तालुक्याला निघणार, हे गावभर झालं होतं.

वस्ताद तोंड धूत होते.

मी म्हणालो, “मी चुकलो, वस्ताद.”

“कशात?”

“ओळ उचलायला हवी होती मी.”

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. सावकाश. एकेक कान पुसला.

“उचलली आस्तीस तर कुणाचं नाव घातलं आस्तंस?”

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्यापुढं ते जमायचं नाही.

“तुमचं.”

“मग बरं झालं, गप ऱ्हायलास.”

ते आत गेले आणि बाड घेऊन आले. लाल फडक्यात बांधलेलं. माझ्या मांडीवर ठेवलं.

“घे, प्रोफेसर. हाडं सांभाळ.”

मी बोलायला गेलो, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं. पायांत वहाणा सरकवल्या. गल्ल्यावरची पेन्सिल उचलली, कानावर खोचली.

“दुकान बघ जरा. ष्टँडावर जाऊन येतो.”

अर्ध्या तासानं परत आले. कुंकवाच्या पुड्या बांधायला बसले. कशाला गेला होता, हे मी विचारलं नाही. मी तेव्हा फार विचारायचो, पण ते विचारलं नाही.

मी कायम झालो. प्रबंध झाला. बाडातलं ते पदही मी छापलं, शेवटच्या ओळीत वस्तादांचं नाव घालून. पद्धतच आहे तशी. पुढच्या शिमग्याआधी कुंपण निघालं असं ऐकलं. ते मी तपासलेलं नाही. खटला मात्र उभाच राहिला नाही. एवढे आरोपी कोर्टात बसवायचे कुठं, असं फौजदार म्हणाले, असं सांगतात. तेही ऐकीव.

एक गोष्ट तेवढी मी तपासली आहे. त्या फडानंतर एकतीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, तालुक्याच्या जुन्या दप्तरात ती फिर्याद मला मिळाली. दिवाणजींच्या वळणदार अक्षरात एक्केचाळीस नावं. पहिलं भागू वडारीण. मी दोनदा वाचली. माझं नाव त्यांत नाही.

एक्केचाळिसाव्या नावाखाली, दिवाणजींच्या सहीला खेटून, पेन्सिलीनं, दुसऱ्याच कुणाच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ आहे. ते अक्षर मी बाडावरून ओळखतो.

‘मैनू आतार म्हणे, गड्यांनो, कुंपण नव्हते काल.’