बाबालाल वस्तादांचा खांदा

"मग चुकलं कुठं माझं, तेवढं सांगा वस्ताद."

जोतिराम तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या काठावर उभा राहून विचारत होता. बाबालाल वस्ताद समोर पाटावर बसलेले.

पोरगं याच तालमीतलं. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली. दुसरा कोण असता तर तोंड पाडून गावभर हिंडला असता. हा शिकला. खेळाडूला दुखापत झाली की त्याला जागेवरच तपासायचं, पट्ट्या बांधायच्या, पुन्हा उभं करायचं, याची मोठी परीक्षा असते. ट्रेनरची. आजकाल परीक्षा कशाचीही काढतात, पण ही मला, तालमीची माती मळणाऱ्याला, पटली. पास झाला तर क्रीडा केंद्रात नोकरी पक्की. लेखी पास झाला होता. हातानं करून दाखवायची, त्यात गेल्या खेपेला नापास केला. उद्या पुण्यात शेवटची संधी. परत बसू देत नाहीत.

"परीक्षक काय म्हणाला?" वस्तादांनी विचारलं.

"हात झकास आहे म्हणाला. आणि नापास केलं. डोकं फिरलेलं दिसतंय."

"हात हायच झकास. मला असलं येत न्हाय."

वस्ताद उगाच कौतुक करणारा माणूस नव्हे. आणि खरंच होतं ते. गावी आल्यापासून जोतिराम तालमीतल्या पैलवानांवर सराव करत होता. घोटा, मनगट, कोपर. पट्टी अशी बसायची की एक सुरकुती नाही. बघत राहावं.

जोतिरामनं छाती काढली. "सगळी तालीम बांधून काढली, वस्ताद. एकानं हूं केलं न्हाय. इतका हलका हात हाय माझा."

वस्तादांनी हौद्याकडं बघितलं. दोन जोड्या लढत होत्या. एकाचं नाक फुटलं होतं. तो रक्त पुसत होता आणि लढत होता.

आता या तालमीचा एक नेम आहे. मातीत उतरल्यावर 'दुखतंय' म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं सगळ्यांसमोर बैठका काढायच्या, वस्ताद 'पुरे' म्हणेपर्यंत. नेम वस्तादांनीच घातलेला. जोतिरामचा गुडघा गेला तेव्हा तोही गप्पच होता. तसाच लढत राहिला.

वस्ताद उठले. सदरा काढला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौद्यात उतरले. जोड्या बाजूला सरकल्या.

"ये. माझा डावा खांदा बघ."

आम्ही चाट पडलो. वस्तादांचा डावा हात वर जात नाही, हे अख्ख्या तालमीला ठाऊक. विचारायची छाती कुणाची नव्हती.

जोतिराम उतरला. माती कपाळाला लावली. वस्तादांचं कोपर एका हातात घेतलं, दुसरा हात खांद्यावर ठेवला आणि हळूहळू उचलायला लागला. बोटं अशी चालली होती, जशी तबलजीची चालतात. नजर खांद्यावरून हलत नव्हती.

"दुखतंय," वस्ताद म्हणाले.

...

मी मातीत घालायला ताक आणलं होतं. भांडं तसंच हातात राहिलं.

जोतिरामला वाटलं, थट्टा करतायत. त्यानं हात आणखी उचलला.

"दुखतंय, जोत्या."

आवाज असा कळवळून आला, की बाहेर दगडी गोटा उचलणारा पैलवानसुद्धा आत डोकावला.

तेव्हा जोतिरामनं मान वर केली. वस्तादांच्या तोंडाकडं बघितलं. गाल थरथरत होता. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"...कवापासनं, वस्ताद?"

"तू जन्मायच्या आधीपासनं."

"कुठं? हितं?"

"जरा मागं."

"त्या कुशीवर झोप लागती?"

"न्हाय."

जोतिरामनं हात खाली आणला. झोपलेलं लेकरू अंथरुणावर ठेवावं, तसा.

"एवढी वरसं... कुणाला बोलला न्हाईत?"

वस्ताद दोन पावलं मागं सरकले, पाय रोवले आणि बैठका काढायला लागले.

"वस्ताद! हे काय?"

"नेम हाय."

"नेम तुमचाच की हो!"

"म्हणूनच."

पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. खाली जात होता, वर येत होता. डावा हात लोंबत होता. कुठली बैठक अर्धी सोडली नाही. मी बरेच वस्ताद बघितले, गड्याहो. दुसऱ्याला बैठका काढायला लावणारेच जास्त.

आणि पंचाईत अशी, की 'पुरे' म्हणायचा अधिकार एकट्या वस्तादांचा. तेच बैठका काढतायत. मग म्हणणार कोण? सगळी तालीम खाली बघत उभी.

श्वास फुलला. तरी थांबेनात.

जोतिराम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. या खेपेला त्यानं खांद्याकडं बघितलं नाही, गुडघ्याकडं बघितलं नाही.

"वस्ताद, दुखतंय का?"

"न्हाय."

जोतिराम तोंडाकडं बघत राहिला...

मग त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि खाली गेलेल्या वस्तादांना काखांखाली धरलं. म्हणाला,

"पुरे."

त्या मातीत तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आता कानफटात बसणार, असं वाटलं.

वस्ताद थांबले. त्याच्या आधारानं उभे राहिले. उजव्या हातानं चिमूटभर माती उचलली आणि पैलवानाला कुस्तीला सोडताना चोळतात, तशी त्याच्या पाठीला चोळली.

"निघ आता. गाडी चुकंल."